नियमित वाचनाचा संकल्प

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• वाचन टाळण्यामागील कारणे ओळखता येतील.
• स्वतःला झेपेल असा वाचनसंकल्प आखता येईल.
• आपल्या परिसराशी नाते असलेल्या साहित्यकृतींपासून वाचनास आरंभ करता येईल.
• वाचनाची नोंद ठेवून तिचा अभ्यासासाठी उपयोग करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठी विषय घेऊन पदवीस प्रवेश घेतलेल्या अनेकांच्या मनात एक गोष्ट सलत असते. ‘मला पुस्तके वाचण्याची सवय नाही’, ही ती गोष्ट. शाळा सुटून दहा-पंधरा वर्षे लोटलेली असतात. नोकरी, शेती, घरसंसार यांत दिवस संपतो. पुस्तक हाती घेतले तर चौथ्या पानावर मन भरकटते. मग परीक्षा जवळ आली की तयार उत्तरांचा आधार घेतला जातो. अशा रीतीने पदवी मिळूही शकते. परंतु एकही कादंबरी शेवटपर्यंत न वाचता मिळालेली साहित्याची पदवी आपल्याला काय देईल, याचा विचार प्रत्येकाने करावयास हवा.

२. वाचन का टळते?

वाचनाचा कंटाळा हा स्वभावदोष नव्हे. त्यामागे बहुधा तीन कारणे असतात. पहिले कारण सरावाचा अभाव. चालण्याची सवय सुटलेल्या माणसाला थोड्या चढावरही धाप लागते. तसेच वाचनाचे आहे. सराव वाढला की ओळखीच्या शब्दांवर डोळा अडखळत नाही आणि मन अर्थाकडे लागते. दुसरे कारण भीती. शाळेत वाचनाला नेहमी प्रश्नोत्तरे जोडलेली होती. त्यामुळे पुस्तक उघडताच कोणी तरी परीक्षा घेत आहे असे वाटू लागते. तिसरे कारण चुकीची निवड. ‘हे वाचलेच पाहिजे’ म्हणून सर्वांत अवघड ग्रंथापासून सुरुवात केली जाते आणि तो अर्धवट राहिला की दोष स्वतःकडे घेतला जातो.

३. आरंभ कोठून करावा?

समजा, तुम्ही दाभोळला राहता. वाशिष्ठीच्या मुखावरील हे जुने बंदर. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफनासी निकितिन याने भारतातून परतताना याच बंदरातून प्रस्थान ठेवले आणि आपल्या प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख केला. आपले गाव पुस्तकात भेटते, तेव्हा पुस्तक परके राहत नाही. म्हणून अनभ्यस्त वाचकाने प्रथम आपल्या परिसराकडे पाहावे.

दाभोळ ज्या दापोली तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील पालगड हे साने गुरुजींचे जन्मगाव. त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकाची रचना आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्यातील प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे. श्याम रोज रात्री सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो. एका रात्री एक आठवण, हेच वाचनाचे स्वाभाविक माप ठरते. एकदम सर्व पुस्तक संपविण्याचे दडपण येत नाही.

त्यानंतर श्री. ना. पेंडसे यांच्याकडे वळता येईल. तेही याच तालुक्यातील मुर्डीचे. ‘गारंबीचा बापू’ (१९५२) या कादंबरीत दापोलीच्या परिसरातील माणसे आणि त्यांचे बोलणे भेटते. आपल्या घरात बोलले जाणारे शब्द छापील पानावर दिसले की ‘साहित्याची भाषा आपली नव्हे’ हा समज गळून पडतो. सराव झाल्यावर त्यांच्याच ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या द्विखंडात्मक कादंबरीचे उद्दिष्ट ठेवावे. जगबुडीच्या काठी घडणारी ही एका घराण्याच्या चार पिढ्यांची कथा आहे. तीच जगबुडी पुढे वाशिष्ठीला मिळते आणि तिचे पाणी दाभोळपाशी समुद्रात जाते.

तुम्ही अन्य जिल्ह्यात राहत असाल, तर आपल्या भागातील लेखक अशाच प्रकारे शोधा.

४. संकल्पाची आखणी

‘यंदा पन्नास पुस्तके वाचीन’ असा संकल्प बहुधा पहिल्या महिन्यातच मोडतो. त्याऐवजी पुढील गोष्टी ठरवाव्यात.

(अ) माप : रोज दहा पाने. वर्षातील ३०० दिवस हे जमले, तरी ३,००० पाने होतात. म्हणजे अडीचशे पानांची १२ पुस्तके. उरलेले ६५ दिवस आजारपण, लग्नकार्य, गणपती, शिमगा यांसाठी आधीच सोडलेले आहेत.

(आ) वेळ : वाचन एखाद्या ठरलेल्या कामाला जोडावे. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने रोज जाणाऱ्याने बोटीची वाट पाहताना चार पाने वाचावीत. उरलेली सहा रात्री, निजण्यापूर्वी. त्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

(इ) खंड पडल्यास : एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी वीस पाने वाचू नयेत. पुन्हा दहाच वाचावीत. थकबाकी साठली की तिच्या ओझ्यानेच माणूस वाचन सोडतो.

(ई) सोडण्याची मुभा : स्वतः निवडलेल्या पुस्तकात पन्नास पानांनंतरही मन रमले नाही, तर ते खुशाल परत करावे. नेमलेल्या पुस्तकाला मात्र ही मुभा नाही. ते कठीण वाटल्यास माप पाच पानांवर आणावे. वाचन थांबवू नये.

५. वाचननोंद

एका साध्या वहीत रोज तीन गोष्टी लिहाव्यात : दिनांक, पृष्ठ क्रमांक आणि स्वतःच्या शब्दांतील एक वाक्य. ते वाक्य सारांशाचेच हवे असे नाही. ‘बापूचा राग मला पटला नाही’ एवढे लिहिले तरी चालेल. व्यक्तिचित्रणावरील प्रश्नाचे उत्तर अशाच एका वाक्यातून पुढे आकाराला येते. परीक्षेच्या वेळी ही वही तयार उत्तरांपेक्षा अधिक उपयोगी पडेल, कारण तिच्यातील मत तुमचे असेल.

६. ग्रंथालयाचा आधार

पुस्तके विकत घेणे सर्वांना शक्य नसते. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांना शासनाचे अनुदान मिळते. अनामत आणि वर्गणी भरून तेथे सभासद होता येते. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे. वाशिष्ठीकाठच्या चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. जुलै २०२१ च्या महापुराचा मोठा फटका या वाचनालयालाही बसला. तरीही ते पुन्हा उभे राहिले. पुस्तक परत करण्याची तारीख हीदेखील वाचकाला मदतच करते. मुदत ठरलेली असली की पाने उलटली जातात.

७. समारोप

वाचनाची आवड आधी आणि वाचन नंतर, असा क्रम आपण धरून बसतो. प्रत्यक्षात बहुतेकांच्या बाबतीत तो उलट असतो. रोजच्या दहा पानांतून हळूहळू गोडी निर्माण होते. एखाद्या रात्री दहावे पान संपूनही पुस्तक मिटवत नाही, असा अनुभव तुम्हाला येईल. त्या रात्रीची नोंद वहीत अवश्य करा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. तुमच्या वाचनातील मुख्य अडथळा कोणता? पाच वाक्यांत लिहा.
२. तुमच्या तालुक्यातील किंवा जिल्ह्यातील एका लेखकाची साहित्यकृती निवडून तिच्या वाचनाचे तीस दिवसांचे नियोजन करा.
३. सात दिवस वाचननोंद ठेवा आणि त्यांतील एका वाक्याचा विस्तार करून एक परिच्छेद लिहा.