व्याघ्रांकित रुपेरी दौती व त्यांचा काळनिर्णय

नरडाणा व भोंवतालच्या खानदेशी गांवांत जुन्या दप्तरांसोबत क्वचित् इंग्रजी घाटाची रुपेरी दौतही हातीं येते. झांकणावर वाघ, घोडा किंवा शिकारी कुत्रा असतो. वाघ दिसला कीं दाखविणारा "ही औट्रमसाहेबाची" असें सांगूं लागतो. अशा वेळीं दौत उलटी करून प्रथम बूड पाहावें.

तेथें ई. पी. एन. एस. हीं अक्षरें असल्यास ती चांदीची नसून तांबें, जस्त व निकल यांच्या मिश्रधातूवर विजेनें चांदीचा मुलामा दिलेली आहे. या मिश्रधातूसच आपण जर्मन सिल्व्हर म्हणतों. चांदी नांवांत आहे, धातूंत नाहीं! विजेच्या मुलाम्याचें पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनीं १८४० सालीं घेतलें. जेम्स औट्रम भिल्लांची पलटण उभारण्यास १८२५ सालीं खानदेशांत आला, व्याघ्रशिकारीनें गाजला, आणि १८३५ सालीं गुजराथेंत गेला. तेव्हां असली दौत त्याच्या खानदेशांतील मेजावर असणें अशक्य होय.

अक्षरें नसलीं तरी दौत त्याचीच असें मात्र ठरत नाहीं. तांब्यावर चांदीचा पत्रा तापवून जोडण्याची शेफील्डची कृति अठराव्या शतकापासूनची; तिच्या झिजलेल्या कडा तांबूस दिसतात. परंतु तांब्यावर विजेचा मुलामाही देत, म्हणून केवळ रंगावर विसंबूं नये. जोडाची रेघ शोधावी.

चिंच व राख लावून दौत लखलखीत करण्याची हौस आम्हांस घातक वाटते. तिनें मुलामा जातो, अक्षरेंही बुजतात. आंत वाळलेली शाई असल्यास ती खरवडूं नये. सोबतच्या कागदांवरील शाईशीं ती ताडून पाहतां येते.