दाभोळच्या याकूतचा घुमट आणि आमचे अब्बा

नवघरच्या आमच्या खोलीत घड्याळाखाली एक कॅलेंडर टांगलेलं असायचं. वर्ष संपलं तेव्हा अब्बांनी कात्रीने तारखांचा भाग कापून टाकला आणि चित्र तेवढं ठेवलं. विजापूरचा गोलघुमट. पुढे खोलीला तीनदा रंग लागला, पण प्रत्येक वेळी ते चित्र परत त्याच खिळ्यावर गेलं.

अब्बा मूळचे दाभोळचे. घुमट बांधणारा याकूत दाभोळचा होता, हे त्यांनी लहानपणी गावातल्या बुजुर्गांकडून ऐकलेलं. आम्हा तिघा भावंडांना ते रात्री सांगायचे, "आपल्या गावच्या माणसाने बांधलंय ते. इथे कुजबुजलं तर पार पलीकडच्या भिंतीला ऐकू येतं." चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात विजापूर यायचं ते आदिलशाही दरबार म्हणून, लढाईच्या धड्यांत. घरी तेच विजापूर एका कोकणी गवंड्याच्या कर्तबगारीचं गाव होतं. दोन्ही विजापुरं आमच्या डोक्यात शेजारी शेजारी राहिली, भांडली नाहीत. शहाजीराजांनी त्याच दरबारात वर्षानुवर्षं चाकरी केली, हे जरा मोठं झाल्यावर वाचलं.

जायचं दर मे महिन्यात ठरायचं. कधी फी आड यायची, कधी बहिणीचं लग्न, कधी खोली विकून फ्लॅट घ्यायचा म्हणून बँकेचे हप्ते. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, तिथे एका गाळ्यात अब्बांनी एकतीस वर्षं पॉवर प्रेसवर काम केलं. पत्रा दाबणारं ते मशीन दिवसभर दणदणत असतं. कानात कापूस घालून काम करायचे. पन्नाशीनंतर ते आमच्याशी मोठ्याने बोलू लागले. आम्हाला वाटायचं स्वभाव चिडका झाला. स्वभाव नव्हता, कान होते, हे कळायला आम्हाला फार वेळ लागला. गेल्या वर्षी डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की उजवा कान जवळजवळ गेला आहे, डावाही कमी होत जाणार. मशीन लावा, पण गेलेलं परत येणार नाही.

त्या रात्री आम्ही तिकिटं काढली.

लोकलने दादर, तिथून सीएसएमटी आणि तिथून सोलापूरमार्गे जाणारी रात्रीची गाडी. सोलापूरजवळच्या होटगीला फाटा फुटतो, पुढे भीमा ओलांडली की काळ्या मातीची सपाट रानं सुरू होतात. शहराचं सरकारी नाव २०१४ पासून विजयपूर आहे, पण सोलापूरकडची माणसं अजून विजापूरच म्हणतात. अब्बा पहाटेपासून खिडकीत बसून होते. स्टेशन यायच्या आत घुमट दिसला आणि ते इतक्या मोठ्याने "आला!" म्हणाले की अख्खा डबा उठून बसला.

चित्रात त्याचा आकार कळत नाही. महंमद आदिलशाहाने हयातीतच बांधायला घेतलेली ही स्वतःची कबर. १६२७ ते १६५६ अशी त्याची कारकीर्द, आणि १६५६ मध्ये तो गेला तेव्हा त्याला इथेच दफन केलं. चौकोनी इमारत, चार कोपऱ्यांना सात-सात मजल्यांचे अष्टकोनी मनोरे. आत सुमारे १,७०० चौरस मीटरचं दालन आणि त्यात एकही खांब नाही. मधल्या चौथऱ्यावर सुलतान, त्याच्या बेगमा, रंभा नावाची नर्तकी, मुलगी आणि नातू यांच्या कबरी दिसतात. खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत.

वर बघितलं की प्रश्न पडतो, चौकोनी भिंतींवर गोल घुमट बसवला कसा? उत्तर भिंतींच्या वरच्या भागात आहे. दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेवावेत तशा तिथे आठ कमानी एकमेकींना छेदतात. त्यांनी चौकोनाचा आधी अष्टकोन होतो, मग वर्तुळ. कमानींमधला भाग आतल्या बाजूला झुकलेला आहे, त्यामुळे घुमटाला पेलावं लागणारं अंतर कमी होतं आणि घुमटाचा बाहेर ढकलणारा जोर त्या झुकलेल्या वजनाने तोलला जातो. विटा आणि चुना, बस. आतला व्यास सुमारे ३८ मीटर. गाइड लोक "दुनिया में दूसरा" म्हणतात. रोमचं पँथिऑन, फ्लॉरेन्सचं कॅथेड्रल, व्हॅटिकनचं सेंट पीटर्स यांचे घुमट याहून रुंद आहेत, तेव्हा नंबराचा हिशेब सोडलेला बरा. नंबर नसला तरी मान वर केली की तोंड उघडंच राहतं.

अम्मीचे गुडघे जिन्याला तयार नव्हते. ती खाली चौथऱ्याजवळ बसली, तिने फातिहा पढला आणि म्हणाली, "जा तुम्ही, मी आहे इथे." मनोऱ्यातला जिना अरुंद आणि अंधारा, पायऱ्या उंच. एकाहत्तर वर्षांचे अब्बा प्रत्येक मजल्यावरच्या खिडकीशी थांबत वर आले. गच्चीवरून दारातून आत शिरलं की घुमटाच्या पोटातली गोल गॅलरी लागते.

आणि पहिला दिवस पार वाया गेला. दोन शाळांच्या सहली आलेल्या. शंभर पोरं एकाच वेळी किंचाळत होती, आणि इथे एक हाक सात वेळा परत येते म्हणतात. अब्बांच्या कानातल्या मशीनने तो सगळा कल्लोळ आणखी मोठा केला. त्यांनी ते काढून खिशात टाकलं आणि दोन मिनिटांत खाली उतरले. काही बोलले नाहीत.

दुपारी जामा मशीद पाहिली. तिथला सोनेरी मेहराब १६३६ चा, त्यावरही मलिक याकूतचंच नाव सांगतात. अब्बा त्यापुढे बराच वेळ उभे राहिले. इब्राहिम रोजा आणि मलिक-ए-मैदान तोफ आम्ही धावतपळत उरकली, खरं सांगायचं तर कुणाचंच लक्ष नव्हतं. संध्याकाळी लॉजच्या मालकाने सांगितलं की आवाज ऐकायचा असेल तर दार उघडताच जा, सहली नाश्ता करून येतात.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही तिथे होतो. जाणाऱ्या वाचकांनी हीच वेळ धरावी, आणि पाण्याची बाटली सोबत ठेवावी.

गॅलरीत आमच्याशिवाय फक्त पारवे. कागद फाडला तर पलीकडे टर्रकन ऐकू येत होता. आवाज सगळीकडे पसरून विरण्याऐवजी गोल भिंतीला चिकटून सरकत राहतो, म्हणून असं होतं. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या घुमटातही हाच प्रकार आहे, तिथे लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने त्याचा उलगडा केला.

अब्बांना एका बाजूला भिंतीशी बसवलं, डावा कान दगडाला लावायला सांगितला आणि आम्ही तिघं बरोबर समोर जाऊन बसलो. धाकट्याने भिंतीशी तोंड नेऊन म्हटलं, "अब्बा, ऐकू येतंय?" ते हलले नाहीत. बहिणीने म्हटलं. मोठ्याने सलाम केला. तिकडे काही नाही. अडतीस मीटरवर ती लहानशी आकृती भिंतीला कान लावून तशीच बसून होती. उशीर केला आपण, हे कुणी बोललं नाही, पण तिघांच्याही मनात तेच होतं. पाच-सात वर्षं आधी आलो असतो तर.

मग अब्बांनी तोंड भिंतीकडे वळवलं. आमच्याकडे पाहिलंही नाही. आणि आमच्या कानाशी, अगदी शेजारी बसल्यासारखा, त्यांचा आवाज आला. हळू. इतकं हळू बोलताना आम्ही त्यांना वीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

"याकूतमियाँ, दाभोळहून आलोय. उशीर झाला जरा." मग थोडं थांबून, "पोरांनी आणलं. पैसे खूप खर्च झाले त्यांचे. आमची ही खाली एकटीच बसलीय, सकाळपासून चहा नाही तिला."

बहिणीने ओढणीचं टोक तोंडात धरलं. धाकटा उठला आणि जिन्याकडे धावला.

आम्ही अब्बांना सावकाश उतरवून खाली आणलं तेव्हा तो फाटकाबाहेरच्या टपरीवरून चहा घेऊन आला होता आणि अम्मी बागेतल्या कट्ट्यावर बसून पहिला घोट घेत होती. अब्बांनी खिशातून मशीन काढून कानात बसवलं, तिच्याकडे पाहिलं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं, "चहा कुणी सांगितला?"