पोट भरले तरी हात का थांबत नाही?

खानदेशातील लग्नात वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीची पंगत बसते. वाढपी आग्रह करतो आणि पोट भरलेला माणूसही पुन्हा ताट पुढे करतो. हिवाळ्यात मळ्यात रंगणाऱ्या भरीत-भाकरीच्या जेवणातही हेच घडते. याला केवळ हावरेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. या सवयीची मुळे शरीरात आहेत, तशीच इतिहासातही आहेत.

जठर ताणले गेले की तेथील मज्जातंतू मेंदूला तशी वर्दी देतात. अन्न आतड्यात उतरल्यावर तृप्तीची जाणीव देणारी संप्रेरके स्रवू लागतात. हा निरोप पूर्णपणे पोहोचण्यास साधारणतः पंधरा-वीस मिनिटे लागतात. भराभर जेवणारा तोपर्यंत गरजेहून अधिक खाऊन बसतो. मोबाईल पाहत जेवणाऱ्याचे तर त्या निरोपाकडे लक्षच नसते.

आता इतिहास पाहू. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाची झळ खानदेशालाही बसली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी माणसे खडी फोडून मिलो आणि सुकडीवर जगली. आपल्या समाजाच्या वाट्याला तर सुकाळातही गावकीच्या कामाबदली मागून आणलेली भाकर आणि उष्टे अन्न आले. १९२७ साली महाड येथे बाबासाहेबांनी उष्टे अन्न व मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, ते याच लाचारीविरुद्ध. ज्याला उद्याच्या भाकरीची शाश्वती नाही, त्याने आज समोर आलेले सर्व खाणे हे शहाणपणच होते. आजी-आजोबांनी 'ताटात काही टाकू नको' असे शिकवले, त्यामागे ही उपासमार उभी होती.

उपासमार तृप्तीची जाणीवही बिघडवते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग झाला. पुढे भरपूर अन्न मिळू लागल्यावर त्यांतील अनेक जण पोट तट्ट भरेपर्यंत जेवत, तरीही त्यांची भूक शमत नसे.

आपल्याकडे याला आणखी एक पैलू आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांमध्ये माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी होती. मात्र त्यांच्या शरीरातील मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक होते. अशा शरीराला पुढे अतिरिक्त अन्न मिळाले की मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्यांच्या मुला-नातवंडांना अतिआहार अधिक महाग पडतो.

यावर उपाय कोणता? संयुत्त निकायात कोसलनरेश प्रसेनजिताची कथा आहे. भरपेट भोजन करून धापा टाकीत आलेल्या राजाला पाहून तथागतांनी मिताहाराची एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणास ती पाठ करून रोज भोजनसमयी म्हणावयास सांगितले. हळूहळू राजाचा आहार बेताचा झाला आणि शरीर हलके झाले. राजावर कोणीही बळजबरी केली नाही. आग्रह करणाऱ्याच्या जागी आठवण देणारा माणूस आला, एवढाच बदल झाला.

वसतिगृहाच्या भोजनगृहात आणि आपल्या घरांतही हे साधता येईल. प्रथम थोडे वाढावे, हवे असल्यास पुन्हा मागण्याची मोकळीक असावी. जेवताना मोबाईल दूर ठेवावा. मुलाने 'पुरे' म्हटले की तो शब्द मानावा. परंतु वाढत्या वयाच्या मुलाला भूक असताना कधीही अडवू नये. अन्न वाया जाऊ नये, ही वडीलधाऱ्यांची शिकवण आजही खरीच आहे. मात्र ती ताटात वाढून घेतानाच पाळावी; भरलेल्या पोटात अन्न कोंबून नव्हे. पूर्वजांना पोटभर अन्नासाठी झगडावे लागले. त्यांच्या नातवंडांना पोट भरल्याची जाणीव ओळखता यावी, हे शिकवणे आता पालक-शिक्षकांचे काम आहे.