नववीची फाळणी : जबलपूरच्या शाळांतील सधन आणि निर्धन

सधन आणि निर्धन घरांतील मुलांनी एकाच सरकारी शाळेत शिकावे, हा विचार भारतीय शिक्षणधोरणात जुनाच आहे. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) ‘समान शाळा व्यवस्था’ सुचवली होती, म्हणजे जात, धर्म वा उत्पन्न न पाहता परिसरातील सर्व मुलांना एकाच सार्वजनिक शाळेत सामावून घेणारी रचना. १९६८च्या राष्ट्रीय धोरणाने ती मान्यही केली आणि मग ती कागदावरच राहिली. तरीही असे संमिश्र वर्ग काही शहरांत भरत आले आहेत, आणि ते समतेच्या आग्रहातून नव्हे, तर भलत्याच कारणांनी कसे जुळून आले, हे पाहण्यास मध्य प्रदेशातील जबलपूर विशेष सोयीचे आहे.

१९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातील या शहरात मॉडेल हायस्कूलचे नाव मोठे होते. हिंदीतील व्यंग्यलेखक हरिशंकर परसाई यांनी १९४३ पासून तेथे अध्यापन केले आणि १९५२ मध्ये सरकारी नोकरी सोडली. पंडित लज्जाशंकर झा यांचे नाव धारण करणारी ही शाळा आज राज्य सरकारच्या ‘उत्कृष्ट विद्यालय’ योजनेत मोडते. या योजनेत नववीचा प्रवेश निवडपरीक्षेतून होतो. शुल्क परवडते म्हणून गरीब पालक आणि निकाल चांगला म्हणून सुस्थितीतील पालक, असे दोघेही अशा शाळेकडे वळतात खरे, पण परीक्षेच्या चाळणीतून जो गरीब विद्यार्थी वर येतो तो मुळातच निवडक असतो, त्यामुळे या मिश्रणाला समान शाळा म्हणणे सढळपणाचे ठरेल.

अधिक बोलके उदाहरण केंद्रीय विद्यालयांचे आहे. जबलपूरला संरक्षण उत्पादनाचे शहर बनवले ते १९०४च्या गन कॅरेज फॅक्टरीने, १९४२च्या खमरिया येथील दारूगोळा कारखान्याने आणि १९६९च्या व्हेइकल फॅक्टरीने. या तिन्ही कारखान्यांच्या वसाहतींना केंद्रीय विद्यालये लाभली. बदलीच्या नोकरीत मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून केंद्र सरकारने १९६३ मध्ये ही शाळाव्यवस्था सुरू केली आणि प्रवेशाचा प्राधान्यक्रम पालकाच्या नोकरीवर ठरवला. या क्रमात केंद्रीय कर्मचारी पहिला, मग तो कारखान्याचा महाव्यवस्थापक असो की खरादावर उभा राहणारा कामगार, हे महत्त्वाचे. शुल्कही असे की त्यावरून कोणी गळू नये : वर्षानुवर्षे नववी-दहावीच्या मुलांना दरमहा २०० रुपये शिक्षणशुल्क होते आणि ५०० रुपये विद्यालय विकास निधी, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क माफ.

अर्थात गणवेश एक झाला म्हणून प्रतवारी मिटत नाही. सरकारी वसाहतीत क्वार्टरचा ‘टाईप’ वेतनश्रेणीनुसार मिळतो, म्हणून वर्गमित्राने नुसता पत्ता सांगितला तरी त्याच्या वडिलांची पायरी कळते. पौगंडावस्थेतील मुलांना हे गणित कोणी शिकवावे लागत नाही. तरीही साहेबाचा मुलगा आणि फिटरची मुलगी एकाच शिक्षकाकडून बीजगणित शिकतात आणि शिक्षक गैरहजर राहिला तर तक्रार करायला साहेबही असतो, हा या शाळांचा खरा आधार. वजनदार पालक निघून गेले की शाळेची विचारपूस करणारेही निघून जातात. खासदारांच्या शिफारशीचा प्रवेशकोटा २०२२ मध्ये रद्द होईपर्यंत त्यासाठी जी झुंबड उडे, तिच्यावरून या वर्गांची पत समजते. मात्र सराफ्यातील व्यापाऱ्याचे वा हायकोर्टातील नामांकित वकिलाचे मूल या प्राधान्यक्रमात तळाशी येते, हेही नोंदवले पाहिजे.

खासगी शाळांत हेच मिश्रण कायद्याने घडवण्याचा प्रयत्न २००९च्या शिक्षणहक्क कायद्यातील कलम १२(१)(ग) मध्ये आहे, ज्यानुसार विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांना द्यायच्या असतात. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी, विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळून, ही तरतूद वैध ठरवली. अशा सहवासाने श्रीमंत मुलांचे नुकसान होते, या भीतीची तपासणी अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी दिल्लीतील शाळांत केली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात गरीब वर्गमित्र लाभलेली सधन मुले अधिक उदार आणि कमी भेदभाव करणारी आढळली, आणि परीक्षेतील परिणाम इंग्रजीच्या गुणांत किंचित घट एवढाच दिसला. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना अशी मुले वेगवान पण गरीब धावपटूला सहसा डावलत नव्हती.

अडचण पुढे आहे. कायद्याची मर्यादा सहा ते चौदा वर्षांची, म्हणजे आठवीपर्यंतची. बालपणी एकत्र आणलेली मुले नेमकी किशोरवयात वेगळी होतात. २०१९च्या धोरणमसुद्यात हा हक्क बारावीपर्यंत वाढवण्याची शिफारस होती, परंतु २०२०च्या अंतिम धोरणात कायदा वाढवण्याचे ते कलम उरले नाही. महाराष्ट्राने तर २०२४ मध्ये सरकारी वा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिघातील खासगी शाळांना या २५ टक्के जागांतून सूट दिली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली.

जबलपुरात या राखीव जागांच्या सोडतीतून इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत गेलेल्या मुलाच्या पालकांपुढे आठवीच्या निकालानंतर मोजकेच पर्याय उरतात : पूर्ण शुल्क भरणे, उत्कृष्ट विद्यालयाची निवडपरीक्षा देणे, किंवा वस्तीजवळच्या हिंदी माध्यमाच्या शासकीय शाळेत नाव घालणे, जेथे गणित आणि विज्ञानाची परिभाषा त्याला नव्याने शिकावी लागते. ‘सीएम राइज’ नावाने सुरू झालेल्या आणि २०२५ मध्ये ‘सांदीपनि’ असे नामकरण झालेल्या मोठ्या शासकीय शाळांत बसची सोय आणि सुसज्ज इमारती देऊन मध्य प्रदेश सरकार मध्यमवर्गाला परत बोलावू पाहत आहे. अधिकाऱ्यांनी आपली मुले तेथे घालावीत अशी सक्ती मात्र नाही. शेजारच्या उत्तर प्रदेशात अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तसा आदेश दिला होता, त्याची अंमलबजावणी झाली नाही.