कलाशाळेचा आधार : सासवण्याचे करमरकर आणि जे. जे.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच बंदर ओलांडून धरमतर खाडीच्या मुखाशी रेवसच्या धक्क्याला लागते. समोर करंजा आणि उतरल्यावर दक्षिणेस अलिबागकडे जाणारी, वाड्या-आगरांमधली सडक, असा हा मुलूख आहे. या भागातील माणसाची मुंबई पूर्वापार पाण्यापलीकडची. याच मार्गावर 17 जुलै 1947 रोजी काश्याच्या खडकाजवळ ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. त्या दुःखाची आठवण या किनाऱ्यावर अद्याप पुसलेली नाही. तरीही नोकरी, औषधपाणी आणि शिक्षण यांसाठी माणसे हा प्रवास करीतच राहिली. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचा विचार मी या काठावरून करतो, कारण एखादी संस्था विद्यार्थ्याला कितपत आधार देते हे तिच्या दालनांत उभे राहून जेवढे कळते, त्याहून अधिक ज्या गावांतून तिचे विद्यार्थी निघाले त्या गावांत जाऊन कळते.

असे एक गाव म्हणजे मांडवा आणि आवास यांच्या दरम्यानचे सासवणे. विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म 1891 साली येथेच झाला. घरी गणपतीच्या मूर्ती करण्याची परंपरा होती, त्यामुळे मातीशी हाताचा परिचय शाळेच्याही आधीचा. गावच्या राममंदिराच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले. जिल्ह्याच्या मुख्य अंमलदाराने खेड्यातील भिंतीपुढे थांबावे, ते चित्र कोणाचे म्हणून चौकशी करावी, आणि तेवढ्यावर न थांबता त्या मुलास मुंबईच्या कलाशाळेत धाडण्याची तजवीज करावी, ही गोष्ट सरकारी दप्तरात नोंदली जावो अथवा न जावो, महाराष्ट्राच्या शिल्पकलेच्या इतिहासात तिचे मोल मोठे आहे. रॉथफील्ड पुढे हिंदी स्त्रियांवर ग्रंथ लिहिणार होते, आणि त्यातील चित्रे काढणार होते याच कलाशाळेचे महादेव विश्वनाथ धुरंधर. कलेची चाड असलेल्या त्या गृहस्थाने केलेली ती शिफारस केवळ दयाबुद्धीची नव्हती, जाणकाराची होती.

ज्या संस्थेत हा मुलगा पोहोचला ती तेव्हा अर्धशतकाहून जुनी झालेली होती. जमशेटजींनी 1853 साली देऊ केलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 2 मार्च 1857 रोजी एल्फिन्स्टन संस्थेत तिचा पहिला वर्ग भरला. लॉकवुड किपलिंग 1865 साली येथे शिकवण्यास आले, आणि आजची इमारत 1878 साली उभी राहिली. या शाळेची खरी थोरवी, माझ्या मते, तिच्या अभ्यासक्रमापेक्षा तिने विद्यार्थ्यांच्या हाती दिलेल्या कामांत आहे. शाळेतील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या, बोरीबंदरच्या स्थानकावरील अलंकरणात शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागले, आणि शाळेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दीत नव्या दिल्लीच्या सचिवालयातील भित्तिचित्रांचे काम मुंबईच्या चित्रकारांकडे आले. पदक विद्यार्थ्याला मान देते, शिष्यवृत्ती वर्षभराची सोय करते. परंतु मोठे काम अंगावर पडले म्हणजे आपण चित्रकार आहोत ही खात्री त्याला प्रथम होते, आणि ते काम आणून देणे हे शाळेचे कर्तव्य आहे ही जाणीव त्या काळच्या आचार्यांना होती.

करमरकरांना शाळेने शास्त्रशुद्ध शिक्षण दिले आणि लॉर्ड मेयो पदकही दिले. पण पदविका हाती पडल्यावर शिल्पकाराची अवस्था चित्रकाराहून कठीण होते, ही गोष्ट कलाशाळेबाहेरच्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. चित्रकार खोलीच्या कोपऱ्यात कागद पसरून बसू शकतो. शिल्पकाराला मात्र उंच छत, ओली ठेवलेली माती, साच्यासाठी प्लास्टर, ओतकामाची भट्टी आणि हाताखाली माणसे लागतात, आणि हा सारा खर्च पहिले काम मिळण्याच्या आधीचा असतो. ही पोकळी करमरकरांच्या बाबतीत शाळेने भरून काढली नाही. ती भरली कलकत्त्याच्या सुरेंद्रनाथ टागोरांनी, ज्यांच्या आश्रयाने त्यांना तेथे आपली कार्यशाळा थाटता आली. पुढे 1920 साली ते विलायतेस गेले, रॉयल अकादमीत शिकले आणि परतले ते ओतकामाचे मर्म जाणून.

त्या ज्ञानाची कसोटी पुण्यात लागली. शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे काम त्यांच्याकडे आले; साडेतेरा फूट उंचीचा तो ब्राँझचा पुतळा माझगावच्या गोदीत एकसंध ओतला गेला, आणि जून 1928 मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. एवढा पुतळा तुकड्यांनी ओतून जोडण्याऐवजी एकाच वेळी ओतण्यात केवढे धाडस आहे हे कारागीरच सांगू शकेल : वितळलेला धातू साच्याच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी थिजला, तर महिनोन्‌महिन्यांचे श्रम घटकेत वाया जातात. राममंदिराच्या भिंतीवरील रेषा अशा रीतीने धातूत उतरली. पुढे 1930 साली त्यांच्या ‘शंखध्वनी’ या शिल्पाला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, आणि 1962 साली त्यांना पद्मश्री.

सासवण्याचे त्यांचे घर आज शिल्पालय आहे. तेथे सुमारे दीडशे शिल्पे आहेत, आणि त्यांत राजेमहाराजांपेक्षा मला मोलाची वाटते ती ‘मत्स्यगंधा’ ही कोळीण आणि अंगणातली म्हैस; कारण त्यांत विलायतेहून परतलेला शिल्पकार सिमेंटसारखे साधे माध्यम घेऊन आपल्याच गावच्या माणसांकडे आणि गुरांकडे वळलेला दिसतो. 1967 साली त्यांचे निधन झाले.

या चरित्रातून मला एकच गोष्ट स्पष्ट दिसते. शाळेत येण्यापूर्वी कलेक्टर भेटला, शाळेबाहेर पडल्यावर टागोर भेटले. दोन्ही टोके योगायोगाच्या हवाली होती आणि मधली काही वर्षे तेवढी संस्थेची होती. ज्यांना कलेक्टर भेटला नाही अशी मुले या किनाऱ्यावर किती होऊन गेली असतील, याचा विचार केला म्हणजे मन व्यथित होते. 1981 साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, त्याच वर्षी कलाशाळा मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाली. 2023 साली तिला स्वतःलाच अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. विद्यापीठ झालेल्या संस्थेचे अधिकार वाढतात, त्याबरोबर तिचा जिम्माही वाढतो. शासकीय रेखाकला परीक्षा देणारी मुले गावोगावच्या शाळांत आहेत, त्यांना शोधणे हा त्या जिम्म्याचा पहिला भाग; शिक्षण संपलेल्याला वर्ष-दोन वर्षे कार्यशाळेची जागा, भट्टी आणि पहिले काम मिळवून देणे हा दुसरा. दुसरा भाग एकट्या संस्थेच्याने होणार नाही; त्यासाठी स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनीच पुढे आले पाहिजे. ज्यांच्या कार्यशाळेत आज जागा आहे, त्यांनी ती एका नव्या पदवीधरासाठी मोकळी करावी. आणि ज्यांना रेखाकलेच्या शिक्षकांची माहिती आहे, त्यांनी रेवस ते अलिबाग या पट्ट्यातील होतकरू मुलांची नावे त्यांच्याकडून मागवून कलाशाळेस कळवावीत, एवढी विनंती आहे.