ठिपका धरणारा हात

कारगिलच्या लढाईतली ती कृष्णधवल चित्रफीत अनेकांना आठवत असेल. बर्फाळ कडा, त्यावर तंबूंचे ठिपके, आणि मग पडदाभर स्फोटाचा लोट. 24 जून 1999 रोजी हवाई दलाच्या मिराज 2000 विमानाने टायगर हिलवर लेसरच्या इशाऱ्याने जाणारा हजार पौंडी बॉम्ब टाकला. हवाई दलप्रमुख अनिल यशवंत टिपणीस स्वतः दुसऱ्या मिराजमधून ते पाहत होते. कारगिलच्या आधी भारताने युद्धात असा बॉम्ब वापरलेला नव्हता.

कौतुक बॉम्बचे झाले. पण खरे डोळे विमानाच्या पोटाखालच्या ‘लाइटनिंग’ नावाच्या इस्रायली नळकांड्यात होते. त्यात दिवसासाठी टीव्ही कॅमेरा, रात्रीसाठी इन्फ्रारेड कॅमेरा आणि निशाणी लावणारा लेसर, असे तिघे एकाच दिशेला तोंड करून बसलेले असतात.

इन्फ्रारेड म्हटले की आपण सगळे एकाच पोत्यात भरतो. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा टीव्हीच्या रिमोटसमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनवर जांभळट ठिणगी लुकलुकताना दिसते. तीही इन्फ्रारेडच, तरंगलांबी एका मायक्रॉनच्या जरा आत. निशाणीचा लेसर तिचा शेजारी, 1.06 मायक्रॉनचा. उष्णतेचे चित्र मात्र बहुधा 3 ते 5 किंवा 8 ते 12 मायक्रॉनच्या पट्ट्यात टिपले जाते, कारण त्या दोन खिडक्यांतून हवा हे किरण फारसे न अडवता जाऊ देते. तिथे कुणी प्रकाश टाकावा लागत नाही. माणूस, इंजिन, दगड, सगळेच आपापल्या परीने तेवत असतात. शून्य अंशाचा बर्फसुद्धा! कॅमेरा टिपतो तो या तेवण्यातला फरक, आणि तो नेमका टिपण्यासाठी अनेक लष्करी कॅमेऱ्यांतला संवेदक उणे 196 अंशांच्या आसपास थंड ठेवतात. या उष्णकिरणांना साधी काचही भिंतीसारखी. म्हणून त्यांची भिंगे जर्मेनियमची. ती डोळ्यांना धातूच्या चकतीसारखी अपारदर्शक दिसतात. उलट खिडकीच्या बंद काचेमागे उभा असलेला माणूस अशा कॅमेऱ्याला दिसतच नाही. दिसते ती काच.

बॉम्बला यातले काहीच कळत नाही. त्याच्या नाकात चार फोडी केलेला सिलिकॉनचा संवेदक असतो. लेसरचा ठिपका लक्ष्यावर आदळून परततो, त्याचा उजेड ज्या फोडीवर जास्त पडेल त्या बाजूला बॉम्बचे पंख वळतात. अमेरिकी ‘पेव्हवे’च्या सुरुवातीच्या संचांत तर पंख एक तर पूर्ण वळणार, नाही तर सरळ राहणार. मधले काही नाही. त्यामुळे बॉम्ब डुलत डुलत खाली येतो. शेजारच्या विमानाच्या ठिपक्यामागे भलताच बॉम्ब जाऊ नये म्हणून लेसरचे स्पंद ठरावीक सांकेतिक वेगाने सोडतात. आणि बॉम्ब पडेपर्यंत ठिपका लक्ष्यावर धरून ठेवायचा असतो. अचूकता म्हणतात ती बरीचशी या धरण्यात.

हे तंत्र जन्मले ते व्हिएतनाम युद्धात. तिथल्या मा नदीवरच्या थान होआ पुलावर 3 एप्रिल 1965 ला 79 अमेरिकी विमाने चालून गेली. पूल काळवंडला, पण उभाच राहिला. पुढची काही वर्षे तो असाच मार खात, डागडुजी होत टिकला. 27 एप्रिल 1972 ला फँटम विमाने लेसर बॉम्ब घेऊन पोचली, तर आडवे आले ढग! ठिपकाच दिसेना. तेव्हा टीव्ही कॅमेऱ्याच्या बॉम्बांवर भागवावे लागले आणि पुलाचे नुकसान झाले, तो पडला नाही. अखेर 13 मे रोजी 14 फँटम आली आणि लेसर बॉम्बांनी पश्चिमेकडचा गाळा आधारावरून उखडला.

ढगांचा अडथळा निदान दिसतो तरी. 13 फेब्रुवारी 1991 च्या पहाटे बगदादच्या अमिरिया भागातल्या एका काँक्रीटच्या इमारतीवर अमेरिकेचे दोन लेसर बॉम्ब पडले. अमेरिकी लष्कराच्या हिशेबी ते हुकूम सोडणारे लष्करी ठाणे होते. आत आसऱ्याला आलेली कुटुंबे झोपलेली होती. 400 हून अधिक माणसे मेली. दोन्ही बॉम्ब दाखवलेल्या जागीच लागले होते. वरून उष्णतेच्या कॅमेऱ्याला दिसते ती छपराची उष्णता.