रस्ता नवा होतो तेव्हा सायकलचे काय?

दिवाळी उलटली, की आपल्याकडे रस्त्यांची कामे निघतात. खडीचे ढीग पडतात, रोलर फिरू लागतो, डांबराचा वास पसरतो आणि चार-आठ दिवसांत खड्ड्यांच्या जागी काळाभोर गुळगुळीत रस्ता तयार होतो. सगळ्यांनाच बरे वाटते. पण गगनबावड्याकडच्या एका शिक्षक मित्राने आम्हाला वेगळेच सांगितले. ‘‘रस्ता खराब होता तेव्हा आमची मुलं सायकलवरून अधूनमधून पडायची, पण बाहेरच्या अंगाला, गवतात. रस्ता चांगला झाल्यापासून पडतात ती नेमकी रस्त्याच्या बाजूला, गाड्यांपुढं. असं का व्हावं?’’

या प्रश्नाचे उत्तर नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रात सापडते. आणि ते सापडले, की उपाय केव्हा करायचा हेही कळते.

पाऊस आणि डांबर

कोल्हापूरहून निघालेला रस्ता कळे, साळवण, असळज करत सुमारे 55 किलोमीटरवर गगनबावड्याला पोचतो. तिथून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. त्यामुळे या एकाच रस्त्यावर कोकणात जाणारी एसटी, मालाचे ट्रक, हंगामात उसाच्या ट्रॉल्या, दुचाकी, बैलगाड्या आणि शाळेत जाणारी मुले असे सगळेच असतात.

गगनबावड्याचा पाऊस वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरांच्या घरात आहे. कोल्हापूर शहरात तो साधारण एक हजार मिलिमीटर पडतो. डांबर खडीला घट्ट धरून ठेवते. पण पाणी दीर्घकाळ मुरले, की खडी आणि डांबराचा पातळ थर यांच्यामध्ये ते शिरते. पकड सुटते, वरून चाके गेली की खडी निघते आणि खड्डा पडतो. कुंभी नदीला पूर आला, की मांडुकलीजवळ रस्ताच पाण्याखाली जातो. म्हणून अशा भागात डांबराचा नवा थर वारंवार द्यावा लागतो. आमच्या मित्राच्या प्रश्नाचे मूळ या थरातच आहे.

सात सेंटिमीटरांची पायरी

नूतनीकरणाच्या एका थराची जाडी साधारण 20 ते 50 मिलिमीटर असते. थर जुन्या डांबरावर बसतो, म्हणजे रस्ता तेवढा उंच होतो. कडेची साइडपट्टी मात्र मुरमाची. तिच्यावर नवा मुरूम टाकून दाबला नाही, तर ती आहे तिथेच राहते. उलट पावसात वाहून आणखी खाली जाते. दोन-तीन वेळा असे झाले, की डांबराच्या कडेला सहज सात सेंटिमीटरांची पायरी तयार होते. मोटारीच्या रुंद चाकाला तिचे फारसे काही वाटत नाही. सायकलचे तसे नाही.

साध्या सायकलच्या चाकाची त्रिज्या सुमारे 35 सेंटिमीटर धरू. पायरी 7 सेंटिमीटरांची. चाक पायरीला समोरून टेकले, तर पायरीच्या कडेपासून आसाची उंची 35 – 7 = 28 सेंटिमीटर आणि पायथागोरसच्या सिद्धांताने आडवे अंतर 21 सेंटिमीटर येते. आता त्या कडेभोवती बलाचे आघूर्ण काढा. चाक वर चढवायला लागणारे आडवे बल चाकावरील भाराच्या 21/28, म्हणजे पाऊणपट भरते. पायरी फक्त 2 सेंटिमीटर असती, तर हेच बल भाराच्या एकतृतीयांशाच्या आसपास राहिले असते.

हा झाला समोरून चढण्याचा हिशेब. प्रत्यक्षात साइडपट्टीवरून रस्त्यावर येणारी मुलगी काटकोनात वळत नाही. ती रस्त्याला जवळजवळ समांतर जात हळूच आत शिरते. कडेशी तिचा कोन 10 अंशांचा असेल, तर तिच्या वेगाचा जेमतेम सहावा हिस्साच पायरीच्या दिशेने असतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून चढण्यासाठी उपयोगी पडणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या सुमारे तेहतिसाव्या भागाइतकीच उरते. चाक वर चढत नाही. कडेला घासत पुढे सरकत राहते.

ती उजवीकडेच का पडते?

वर्गात एक प्रयोग करून पाहा. तळहातावर काठी उभी धरा. काठी ज्या बाजूला कलते, त्या बाजूला आपण हात सरकवतो आणि ती पडत नाही. आता मित्राला आपले मनगट घट्ट धरायला सांगा. हात हलला नाही, की काठी पडते.

सायकलस्वार हेच करत असतो. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला तो नकळत हँडल वळवतो आणि चाके पुन्हा शरीराखाली आणतो. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे साइडपट्टीवरून रस्त्यावर यायचे म्हणजे उजवीकडे वळायचे. त्यासाठी शरीर आधी उजवीकडे कलते. चाक मात्र पायरीला अडते. शरीर उजवीकडे गेले आणि चाक डावीकडेच राहिले, तर पडण्याची दिशाही उजवीच ठरते, म्हणजे थेट रस्त्यावर. मित्राचे निरीक्षण अचूक होते. मुलांचे चुकत नव्हते. त्यांचे मनगट रस्त्याने धरून ठेवले होते.

रुंदीचा हिशेब

मग मुलांनी साइडपट्टीवर उतरावेच कशाला? याचे उत्तर मोजपट्टी देते. दुपदरी रस्त्याची प्रमाण रुंदी 7 मीटर. ट्रक किंवा बस 2.6 मीटरपर्यंत रुंद असू शकते. समोरासमोर अशी दोन वाहने आली, तर 5.2 मीटर गेले, उरले 1.8 मीटर. ते तीन जागी वाटायचे: दोन वाहनांच्या मध्ये आणि दोन्ही कडांना. प्रत्येकी 60 सेंटिमीटर. सायकलचे हँडलच जवळजवळ 60 सेंटिमीटर रुंद असते. रस्ता साडेपाच मीटरांचा असेल, तर कडेला वितभरही जागा उरत नाही. मुले हौसेने खाली उतरत नाहीत.

त्यात चढ असेल तर आणखी भर. सायकलसह 60 किलो वजनाचा विद्यार्थी पाच टक्के चढावर असेल, तर त्याला मागे ओढणारे बल सुमारे 30 न्यूटन असते. त्याची शक्ती 75 वॅट धरली, तर वेग सेकंदाला अडीच मीटर, म्हणजे ताशी 9 किलोमीटर. इतक्या कमी वेगात तोल सांभाळायला हँडल जास्त वळवावे लागते आणि सायकल नागमोडी चालते. म्हणजे जिथे वेगांमधला फरक सर्वांत मोठा, तिथेच सायकलला जागाही जास्त लागते. उतरणीला सायकलचा वेग वाढतो आणि हा फरक कमी होतो. यातून एक व्यावहारिक सूत्र मिळते: जागा दोन्ही बाजूंना पुरत नसेल, तर ती चढाच्या बाजूला द्यावी.

नूतनीकरणाचीच वेळ का?

हे सगळे सुधारायला स्वतंत्र मोठा प्रकल्पच हवा, असा समज असतो. तसे नाही. नवा थर पडताना जुने पट्टे झाकले जातात आणि नवे मारावेच लागतात. यंत्रे, मजूर, मुरमाचे ट्रक हजर असतात. त्याच आठवड्यात पुढील गोष्टी अल्प खर्चात होऊ शकतात.

पहिली, साइडपट्टी डांबराच्या पातळीपर्यंत भरून दाबणे. दुसरी, डांबराची कड उभी न ठेवता सुमारे 30 अंशांची उतरती ठेवणे. अमेरिकेत पेव्हर यंत्राला एक साधा साचा जोडून अशी कड काढतात. तिच्यावरून चाक अडखळत नाही. तिसरी, जिथे शक्य तिथे डांबर दीड मीटर बाहेर वाढवून पांढऱ्या पट्ट्याने ती जागा वेगळी करणे. चौथी, पेव्हरच्या दोन फेऱ्यांमधला लांब सांधा सायकलच्या वाटेत येऊ न देणे. पाचवी, गटारांच्या जाळ्यांच्या फटी रस्त्याला आडव्या ठेवणे, म्हणजे त्यांत चाक अडकणार नाही.

पट्टा मारला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. ताशी 30 किलोमीटरने येणारा चालक धोका दिसल्यावर दीड सेकंदाने ब्रेक दाबतो असे धरले, तर ओल्या रस्त्यावर तो सुमारे 21 मीटरांत थांबतो. ताशी 60 ला हेच अंतर सुमारे 60 मीटर होते. वेग दुप्पट, थांबायचे अंतर जवळजवळ तिप्पट. म्हणून बाजारपेठेत आणि शाळेजवळ वाहनांचा वेग कमी करावा, म्हणजे एकच रस्ता सर्वांना वापरता येतो. उघड्या, वेगवान रस्त्यावर रंगाचा पट्टा पुरत नाही. तिथे मध्ये दुभाजक किंवा मोकळी पट्टी सोडून वेगळा मार्गच हवा. इंडियन रोड काँग्रेसने सायकलमार्गांसाठी मानके 1962 सालीच प्रसिद्ध केली आणि 2015 साली ती सुधारली. ज्ञानाची अडचण नाही. ते योग्य वेळी कामाच्या अंदाजपत्रकात उतरत नाही, ही अडचण आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज शहराने यावर एक तोडगा काढला. सायकल आराखड्यात असलेला रस्ता पुन्हा बांधायला घेतला, तर सुरक्षित सायकलमार्ग त्यातच करायचा, असा नियम तिथल्या नगर परिषदेने 2019 साली केला. दर वेळी नव्याने मागणी करण्याची गरज उरली नाही. पुण्याचा अनुभव दुसरी बाजू दाखवतो. तिथे सायकलमार्ग झाले, 2017 साली शहराचा सायकल आराखडाही मंजूर झाला. पण मार्ग मध्येच तुटला, खांब किंवा उभ्या गाड्या आडव्या आल्या, की सायकलस्वार पुन्हा रहदारीत येतो. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कमकुवत कडीइतकीच असते.

आपल्या भागात आता आणखी एक कारण घाई करायला लावते. जास्त पावसात डांबर टिकत नाही म्हणून रस्ते काँक्रीटचे होत आहेत. करूळ घाट याच कामासाठी 2024 साली दीर्घकाळ बंद होता. डांबरी रस्ता काही वर्षांनी पुन्हा करावा लागतो, त्यामुळे चूक सुधारायची संधी पुन्हा मिळते. काँक्रीटचा रस्ता साधारण 30 वर्षांच्या आयुष्यासाठी बांधतात, आणि त्याची कडही जास्त उंच असते. आज पाचवीत असलेली मुलगी चाळिशीची होईपर्यंत ती कड तशीच राहील.

शाळेने काय करावे?

पाऊस ओसरल्यावर, कामे निघण्याआधी, आठवी-नववीच्या मुलांना घेऊन शाळेजवळचा एक किलोमीटर रस्ता मोजा. रहदारी कमी असताना आणि शिक्षक सोबत असतानाच हे करावे. रुंदी मोजताना एकाने दोन्ही बाजूंवर लक्ष ठेवावे. दर 50 मीटरला डांबराची रुंदी, कडेच्या पायरीची उंची आणि साइडपट्टीची रुंदी लिहा. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी पंधरा मिनिटे वाहने आणि सायकली मोजा. आलेख काढा. पायरी 5 सेंटिमीटरांहून उंच आहे अशा जागा नकाशावर लाल रंगाने दाखवा.

हा नकाशा मुख्याध्यापकांच्या पत्रासह ग्रामपंचायतीला आणि रस्ता ज्यांच्या ताब्यात असेल त्या बांधकाम खात्याच्या कार्यालयाला द्या. ‘रस्ता धोकादायक आहे’ या तक्रारीला उत्तर देणे सोपे असते. ‘अमुक ठिकाणी पायरी 9 सेंटिमीटर आहे आणि तिथून सकाळी 40 सायकली जातात’ या नोंदीकडे दुर्लक्ष करणे अवघड जाते. मात्र ती रोलर येण्याआधी पोचायला हवी. रोलर निघून गेल्यावर पुढच्या थरापर्यंत मुलांनाच तोल सांभाळावा लागतो.